कुठलीही चालेल



नॉर्वेहून आल्यापासून बस्तीत जी भेटते ती विचारते, "काय काय पाहिलंत?" आणि मी जिला तिला विमानाच्या खिडकीचंच सांगत बसते. परवा एक जण म्हणालीच, "काकू, एवढा खर्च करून गेलात आणि सांगताय काय, तर विमानातलं!" म्हणून म्हटलं, एकदाचं नीट लिहूनच काढावं. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं-मुली आता बाहेर आहेत. आज ना उद्या तुम्हीही तिकडे जाल, तेव्हा उपयोगी पडेल.

आमची मुलगी ओस्लोला असते. या वर्षी तिने ठरवलं की जूनमध्ये आई-बाबांना उत्तरेला न्यायचं. आधी ट्रोम्सो, आणि तिथून स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन. ट्रोम्सो साधारण 69 अंश उत्तरेला आणि लाँगइयरब्येन 78 अंशांवर. आपली सांगली 17 अंशांच्या आसपास, म्हणजे बघा. तिकिटं काढताना तिचा फोन आला, "आई, सीट निवडायच्या आहेत. तुला कुठली?"

मी म्हटलं, "कुठलीही चालेल."

"आई, कुठलीही नावाची सीट नसते. ए असते, बी असते, सी असते. त्यातली सांग."

फोन ठेवला आणि मी भाजी निवडायला बसले, पण डोक्यातून ते जाईना. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. एसटीने बाहुबलीला गेलो, 2006 च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला गेलो, शिखरजींना जाताना पहिल्यांदा विमानात बसलो. सगळीकडे खिडकी ह्यांची. मुलं झाल्यावर एक खिडकी लेकीची, एक लेकाची. मी मधे, मांडीवर दशम्यांची पिशवी आणि पायाशी पाण्याची बाटली. कुणी जबरदस्ती केली होती असं अजिबात नाही. ह्यांना गाडी लागते म्हणून खिडकी त्यांना, मुलं लहान म्हणून त्यांना. मी कधी मागितली नाही आणि मला कधी कुणी विचारलं नाही. घाटात बस वळली की ह्यांच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं मी बघायची.

आता तुम्ही म्हणाल, या वयात खिडकीचा मोह कशाला? माझ्या मनातही तेच आलं होतं. आपल्याकडे मोह कमी करायचं वय हे. पण मी बराच विचार केला आणि मला असं वाटलं की जी गोष्ट आपली कधी नव्हतीच ती सोडली म्हणजे त्याग कसा होईल? तो तर नुसता संकोच झाला. आधी हातात तरी येऊ दे, मग सोडायची की नाही ते बघू. संध्याकाळी मी लेकीला फोन केला. म्हटलं, "खिडकी. पण कुठल्या बाजूची ते विचारून सांगते."

हा 'कुठल्या बाजूची' प्रश्न मला जावयांमुळे सुचला. ते कामासाठी नेहमी उत्तरेला जातात. त्यांनी सांगितलं, "आई, नुसती खिडकी घेऊन चालत नाही. बाजू चुकली तर दोन तास नुसतं आकाश आणि डोळ्यांवर ऊन." मग मी वही काढली. बी.कॉम. होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली, पण दोन रकाने पाडल्याशिवाय मला अजून विचार करता येत नाही.

बहुतेक मध्यम आकाराच्या विमानात एका ओळीत सहा जागा असतात, तीन इकडे, तीन तिकडे. तोंड पुढे केलं की डावी खिडकी ए आणि उजवी एफ. ओस्लोहून ट्रोम्सोला विमान उत्तरेकडे जातं. म्हणजे डावा हात पश्चिमेला, समुद्राकडे, आणि उजवा पूर्वेला, स्वीडनकडे. किनाऱ्याचे फियोर्ड, स्वार्टिसनची मोठी हिमनदी, लोफोटेनची बेटं हे सगळं पश्चिमेला. म्हणून जाताना ए आणि येताना एफ. शिवाय आमचं विमान सकाळचं होतं. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडच्यांच्या डोळ्यांवर. डावीकडे बसणाऱ्याच्या पाठीमागून ऊन येतं आणि समोरचे डोंगर छान उजळलेले दिसतात. दुपारनंतरचं विमान असेल तर हेच ऊन उलट्या बाजूला जातं. अंगणात पापड कुठे घालायचे हे आपण सकाळ-दुपारच्या उन्हावरूनच ठरवतो ना, तसंच हे.

मग पंख. पंखावरची जागा स्वस्त मिळते, पण खाली बघायला गेलं की पंखच दिसतो. पंखाच्या मागे बसलं तर इंजिनाची गरम हवा मधे येते आणि लांबचं सगळं तव्यावरच्या वाफेतून बघावं तसं थरथरतं. म्हणून पंखाच्या बरंच पुढे, नाहीतर अगदी शेपटीजवळ. तिकडच्या गावोगावी जाणारी छोटी पंख्यांची विमानं असतात, त्यांचा पंख खिडक्यांच्या वर असतो. त्यात ही कटकटच नाही, खालचं सगळं मोकळं दिसतं.

आणखी एक गोष्ट मी फसून शिकले. मुंबईहून ओस्लोला जाताना एका टप्प्यावर मी वेगळे पैसे भरून खिडकीची जागा घेतली होती. जाऊन बघते तर बाजूला सपाट भिंत! काही विमानांत एखाद्या ओळीला खिडकीच नसते, तिथून हवेची नळी वर गेलेली असते. नकाशावर मात्र ती 'खिडकीची जागा' म्हणूनच विकतात. विचारलं तर त्या मुलीने गोड हसून 'सॉरी' म्हटलं, बस. तेव्हा पैसे भरण्याआधी घरातल्या मुलांना त्या विमानाच्या जागांचा नकाशा नीट बघायला सांगा.

जागा निवडायचे तीन प्रवासांचे मिळून जे पैसे झाले त्यात आमच्या घरची महिन्याची डाळ आणि गॅस येतो. घरखर्चाच्या वहीत ते कुठे लिहावेत कळेना. शेवटी 'करमणूक' असं नवीन खातं उघडलं.

ओस्लोच्या विमानतळावर सगळं सुरळीत झालं. आमची सहावी ओळ. ए माझी, बी ह्यांची, सी लेकीची. हे पुढे होते. ते सवयीने आत शिरले, खिडकीशी बसले, पट्टा बांधला आणि चष्मा पुसायला लागले. मी उभीच. मागे लोकांची रांग. लेक मोबाईलमधे डोकं घालून उभी होती, पण ती काहीही वाचत नव्हती हे मला कळत होतं.

मैत्रिणींनो, हसू नका, पण माझ्या छातीत धडधडायला लागलं. मी मधल्या जागेवर जवळजवळ टेकलेच होते. मग म्हटलं, "अहो, ती माझी जागा आहे."

ह्यांना ऐकूच गेलं नाही, किंवा ऐकू गेलं पण कळलं नाही. "काय?"

"ए माझी आहे. तुमची बी."

त्यांनी खिशातून बोर्डिंग पास काढला, चष्मा लावला, वाचला. बँकेत अठ्ठावीस वर्षं सही तपासलेला माणूस, कागदावर आहे म्हटल्यावर वाद घालत नाही. पट्टा सोडला, गुडघे धरत उठले, बाहेर आले. मी आत गेले. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल, पण मला घाम फुटला होता.

पहिला तासभर जंगलं, तळी, डोंगरमाथ्यावर राहिलेला बर्फ. वाटेचा दोन-तृतीयांश भाग सरला की उत्तर ध्रुववृत्त येतं, 66 अंश 33 मिनिटांवर. खाली काही रेघ ओढलेली नसते, पण साधारण तिथेच डावीकडे स्वार्टिसन दिसते, म्हणून पहिल्या तासानंतर झोपू नका. मला आधी वाटलं ढग आहे. मग लक्षात आलं की त्याला कडा आहेत. डोंगरांच्या मधे दुधावर साय धरावी तसा बर्फ धरलेला आणि काठावरून तो जिभेसारखा खाली उतरलेला. उतारावर त्याला भेगा होत्या, तांदळाच्या पापडाला वाळताना पडतात तशा, आणि भेगांच्या आत निळं. जवळच्या तळ्याचं पाणी हिरवट दुधाळ होतं. लेकीने सांगितलं की बर्फ सरकताना खालचा दगड दळला जातो आणि ते पीठ पाण्यात उतरतं, त्याचा तो रंग.

फोटोसाठी एक युक्ती सांगते. काचेत आपलाच चेहरा आणि आतले दिवे उमटतात. मी गडद निळी ओढणी डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढली आणि आत मोबाईल धरला, एकदम स्वच्छ फोटो आले. मोबाईल काचेला टेकवायचा मात्र नाही, विमानाची थरथर फोटोत येते. आणि काचेच्या खालच्या बाजूला बारीक भोक दिसेल, त्याभोवती कधी बर्फाची नक्षी असते. मी घाबरून लेकीला दाखवलं. ते मुद्दामच ठेवलेलं असतं म्हणे, हवेचा दाब सांभाळायला आणि काच धुरकट होऊ नये म्हणून. खिडकीशी गारही लागतं, शाल जवळ ठेवा. आणि चढायच्या आधी बाथरूमला जाऊन या. आपल्या वयात दोघांना उठवून बाहेर पडणं हे खिडकीचं खरं शुल्क आहे.

ट्रोम्सोला तीन दिवस राहिलो. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री पाऊण वाजता तो सगळ्यांत खाली येतो, तेव्हा बरोबर उत्तरेला असतो आणि क्षितिजाच्या दोन-तीन अंश वरच राहतो. माझा रात्रिभोजनत्याग लेकीला माहीत आहे. ती म्हणाली, "आई, आता तर तुला चोवीस तास मोकळं!" मी आपलं घड्याळ धरलं. संध्याकाळी सहाच्या आत जेवण, नंतर काही नाही. हे मी माझ्यापुरतं ठरवलं, शास्त्रात काय बसतं ते जाणकारांनी सांगावं.

ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन पावणेदोन तासांहून थोडा कमीच प्रवास. आधी एक महत्त्वाचं. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. तिकडे जाऊन परत यायचं तर आपल्याला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, एकदाचा असेल तर परतताना अडकाल. आमचं विमान दुपारी साडेबाराच्या सुमाराचं, म्हणजे सूर्य दक्षिणेला, शेपटीमागे. दोन्ही बाजूंना ऊन नाही. मग बाजू ठरवायची ती जमिनीवरून. पश्चिम किनाऱ्याजवळून विमान वर गेलं तर बेटाची जमीन उजवीकडे येते. म्हणून यावेळी एफ. ह्यावेळी हे आपणहून बाजूला उभे राहिले आणि मला आत जायला हात केला, रेल्वेत टीसी करतो तसा.

आणि बाहेर ढग! विमान वर आलं आणि खाली पांढरं, नुसतं पांढरं. वाटेत अस्वल बेट लागतं, तेही ढगाखाली गेलं. मी घड्याळ लावून बघितलं, बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटं, एका सामायिकाइतका वेळ, कापसाशिवाय काही दिसलं नाही. मनात णमोकार म्हणत होते, पण मधे मधे खर्चाचा आकडा येत होता. ह्यांना मधल्या जागेवर गुडघा आखडून बसवलं, आणि कशासाठी, तर ढगांसाठी. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बसता का इकडे?" हे म्हणाले, "ढग मला इथूनही दिसतायत."

मग अचानक ढगाला भोक पडलं. खाली काळे टोकदार डोंगर, एकामागे एक, आणि मधल्या सगळ्या दऱ्या बर्फाने भरलेल्या. झाड नाही, घर नाही, रस्ता नाही. त्या बेटाचं नाव स्पिट्सबर्गन, म्हणजे टोकदार डोंगर. 1596 मध्ये बॅरेन्ट्स आणि त्याच्याबरोबरच्या डच खलाशांनी समुद्रातून पाहून ठेवलेलं. वरून बघितलं की दुसरं नाव सुचूच नये असं ते आहे. मी ह्यांचा हात धरून ओढला, "बघा, बघा!" हे माझ्यावरून वाकले. पुढचा मिनिटभर मला त्यांचं टक्कल दिसत होतं आणि त्याच्या कडेने थोडा बर्फ. गंमत म्हणजे मला राग आला नाही. एक्केचाळीस वर्षं ते असंच बघतायत, याची सवय आहे.

ते मागे टेकले आणि जरा वेळाने म्हणाले, "कधी सांगितलं नाहीस."

"काय?"

"की तुला खिडकी आवडते म्हणून."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायचो की. बाहुबलीला जाताना दरवेळी विचारायचो. तू म्हणायचीस, कुठलीही चालेल."

आणि मैत्रिणींनो, ते खरं होतं. मी तसंच म्हणायचे. कुणी मला विचारलं नाही असं मी वर लिहिलंय ना, ते मी खोडत नाही, कारण इतकी वर्षं मला तसंच आठवत होतं.

लाँगइयरब्येनबद्दल वेगळं लिहीन. एवढंच सांगते की विमानतळाच्या वरच्या डोंगरात 2008 साली उघडलेली बियाण्यांची तिजोरी आहे. जगभरची बियाणी तिथे गोठवून ठेवलीत, हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने पाठवलेली ज्वारी, तूर आणि हरभराही. आपल्या डब्यातली डाळ ध्रुवाजवळ! आणखी उत्तरेला न्यू-ऑलेसुंड या गावी भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, त्याचा कारभार गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतो. तिथे छोटं डॉर्नियर विमान जातं. त्यात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची असते. प्रत्येकाला खिडकी. मधली जागाच नाही! लेकीने हे सांगितलं तेव्हा हे आणि मी एकदमच हसलो.

परतीचं विमान थेट ओस्लोचं, पण रात्री अडीच-तीनचं. सूर्य लख्ख, मागे उत्तरेकडे. बसल्याबरोबर सगळ्यांनी खिडक्यांच्या झापा ओढल्या. मी माझी चार बोटं उघडी ठेवली, तर उन्हाची पट्टी ह्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी तोंडावर कानटोपी घेतली. हवाईसुंदरी कॉफी घेऊन आली. बाहेर एवढं ऊन की आपल्याकडे सकाळचे आठ वाटावेत. हात पुढे झालाही होता. मग घड्याळ बघितलं, तीन वाजून दहा मिनिटं, आणि नको म्हटलं. ओस्लोला उतरल्यावर सात वाजता घेतली.

मुंबईहून सांगलीला रात्रीची बस नको म्हणून सकाळची घेतली. हे आधी चढले, आमच्या जागांपाशी गेले आणि आत न शिरता वाटेतच उभे राहिले. मागचा माणूस कुरकुरला तरी हलले नाहीत. मी खिडकीशी बसले. लोणावळ्याचा घाट आला तेव्हा मी गाढ झोपले होते.